कयाक तर आली, आता तिच्यावर काय लावायचं आणि काय नाही

नवीन कयाक, म्हणजे मासे धरायला आणि पक्ष्यांचे फोटो काढायला घेतलेली एकट्याची वल्ह्याची होडी, घरी आली की पहिल्या आठवड्यातच हात ड्रिल मशीनकडं जायला लागतो. यूट्यूबवर तिकडं अमेरिकेतले बाप्ये दाखवतात, बारा फुटी कयाक, तिच्यावर गळाचे रॉड खोचायला सहा होल्डर, दोन स्क्रीन, पुढं लाइट, मागं पेटी, वर बंदूक ठेवायला वेगळा स्टँड, आणि हे सगळं बघून झालं की दारात ठेवलेली आपली कोरी कयाक अगदीच उघडी-बोडकी दिसायला लागते. मग रात्री उशिरापर्यंत ऑनलाइन कार्ट भरायचं, सकाळी त्यातलं निम्मं काढायचं, दुपारी जेवून झालं की परत भरायचं. बायको शेवटी म्हणाली, "अहो, होडी घेतलीय का वरातीचा ट्रॅक्टर सजवायलाय?"

तिच्या त्या बोलण्यानंतर मी एकच नियम धरला आणि सगळं सामान त्या नियमातनं गाळून घेतलं. सीटवर बसल्या जागेवरून, लाइफ जॅकेट घातलेलं असताना, वस्तूला हात पोचला पाहिजे. आणि कयाक पालथी झाली तरी ती वस्तू हातची जायला नको, म्हणजे बांधलेली तरी पाहिजे नाहीतर तरंगणारी तरी. या दोन्हीत न बसणारं सामान घरी. एवढ्यावरच कार्टातलं बरंच काही उडालं, कप होल्डर पहिल्यांदा.

आधी कयाक कुठली ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सिट-ऑन-टॉप घेतली, म्हणजे आत पाय घालून बसायची नाही तर वर बसायची. आपल्याकडच्या गरम हवेला आणि मासे धरायला हीच बरी, कारण बसल्या बसल्या एक पाय बाहेर सोडता येतो, आणि पडलात तरी वर चढून बसता येतं, आत पाणी भरून बुडायची भानगड नाही. बसायच्या जागेत जी आरपार भोकं असतात, स्कपर म्हणतात त्यांना, त्यातनं वर आलेलं पाणी आपोआप खाली जातं. लांबी दहा फूट, रुंदी बत्तीस इंच. रुंद कयाक हळू चालते पण डुगडुगत नाही, आणि गळ टाकून बसणाऱ्याला पळायचंय कुठं. मटेरियल एचडीपीई नावाचं टणक प्लास्टिक, पाण्याच्या टाक्या बनवतात तसंच रोटोमोल्डिंग करून बनवलेलं.

वजनाचं मात्र नीट बघा. कंपनी लिहिते क्षमता १५० किलो, आणि आपण समजतो दीडशे किलो घालता येतं. तेवढं घातलं तर कयाक तरंगेल हो, पण डेकवर पाणी चढेल आणि वळताना म्हशीला वळवायचं काम होईल. साधारण सत्तर टक्के धरून चाला, म्हणजे शंभर-एकशेपाच किलो. त्यातले ऐंशीच्या वर मीच खाल्ले, राहिले वीस किलो, त्यात बॅटरी, अँकर, पाणी, डबा, रॉड, सगळं. हा हिशेब एकदा कागदावर मांडला की बाकीचे निर्णय निम्मे आपोआप होतात.

आता बंदुकीच्या स्टँडबद्दल, कारण आमच्या ग्रुपवर एकानं लगेच विचारलंच, "भावा, बदकं बिदकं मारायची काय मग?" बिलकुल नाही. तिकडं परवाना काढून, ठरलेल्या सीझनमध्ये, कयाकवरनं बदकांची शिकार करतात, तो त्यांचा कायदा. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, आणि हळदीकुंकू बदक असो नाहीतर अडई, हात लावला की सरळ गुन्हा आहे. कोल्हापूरला शिकारीचा इतिहास मोठा, संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळलेले होते, न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये गेलात तर भुसा भरलेले प्राणी ओळीनं उभे आहेत, लहानपणी ते बघून मी दोन रात्री नीट झोपलो नव्हतो. पण तो काळ तिथं काचेत राहिलाय ते बरं आहे. तरी त्या शिकारवाल्यांच्या व्हिडिओतनं मी बरंच काही उचललं, कारण बदकाच्या जवळ न हलता, न दिसता जाऊन बसायची सगळी विद्या त्यांच्याकडं आहे, आणि मला तेच कॅमेऱ्यासाठी पाहिजे. त्यावर खाली येतो.

सामान घ्यायच्या आधी पाणी कुणाचं आहे ते विचारा. हे कुणी व्हिडिओत सांगत नाही. आपल्याकडं धरण-तलावातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक करून मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेला असतो, संस्था पैसे भरते, रोहू-कटला-मृगळचं बीज सोडते, ते वाढवते, आणि आपण रविवारी चकचकीत रॉड घेऊन जायचं आणि त्यांचा मासा काढायचा, हे बरं दिसत नाही आणि चालतही नाही. पाणी पाटबंधारेवाल्यांचं, मासा संस्थेचा, काठाला जंगल असलं तर वनखातं, शहरातल्या तळ्याला महापालिका. राधानगरी आणि काळम्मावाडीच्या पाणलोटात वरच्या अंगाला अभयारण्याची हद्द लागते, दाजीपूरचे गवे त्याच बाजूचे, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय कयाक पाण्यात घालायचा विचारसुद्धा नको.

मी ज्या तलावावर जातो तिथल्या संस्थेतल्या एका वयस्क काकांना आधी जाऊन भेटलो. ते ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं लावतात, ट्यूबवर एक फळी, हातात फळीचेच दोन तुकडे वल्ह्यासारखे, बस्स. त्यांच्याशेजारी माझी कयाक उभी केली तर मलाच लाज वाटली थोडी. काका कयाकभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "काहिलीपेक्षा बरी हाय." त्यांच्या लहानपणी गुऱ्हाळाच्या काहिलीतनं, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईतनं, लोक नदी ओलांडायचे, अजूनही काही गावात पावसाळ्यात काहीलच बाहेर निघते. मग म्हणाले, "हे बघ पावण्या, गळानं धर, आमची ना नाही. जाळ्याच्या दोरीत जाऊ नको, बारका कटला लागला तर सोड, आणि पावसात येऊ नको." पावसात मासा अंड्यावर असतो म्हणून. मी म्हटलं, "काका, पावसात मी घरातच असतोय." त्यावर पावती केली आणि चहा पाजला. दोरीचं त्यांनी सांगितलं ते किती कामाचं आहे ते पुढं कळलं, कारण त्यांची जाळी पाण्याखाली असतात आणि वर फक्त थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसतात. त्या दिसल्या की लांबनं जायचं.

जॅकेट. कोल्हापुरात हा विषय काढला की समोरचा हसतोच, "आम्ही पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलोय, पंचगंगा पुरात पार केलीय, आम्हाला काय जॅकेट सांगतोस." अरे बाबा, पोहता येणाऱ्याचंही डोकं कयाकच्या कडेला आपटू शकतं, गार पाण्यात पायात गोळा येऊ शकतो, बुटासकट आणि रॉडची दोरी पायात अडकलेली असताना पोहणं वेगळं. जॅकेट सगळ्यात आधी घ्या, रॉडच्या आधी. आणि मागं बांधून ठेवायचं नाही, अंगात. कयाकसाठीचं जॅकेट पाठीला वरच्या बाजूला जाड आणि खाली जाळीचं असतं, म्हणजे सीटच्या पाठीला टेकून बसता येतं, बोटिंग क्लबवालं जाड केशरी जॅकेट घालून दोन तास वल्हवून बघा, मान लाल होते. खांद्याचे पट्टे धरून कुणालातरी वर ओढायला सांगा, कानापर्यंत वर आलं तर साइज मोठा आहे. जॅकेटला शिट्टी बांधा, आणि खिशात छोटी सुरी, कारण जाळ्यात नाहीतर अँकरच्या दोरीत अडकलात तर तीच कामाला येते.

दुसरं, सामान लावायच्या आधी कोरी कयाक घेऊन छातीएवढ्या पाण्यात मुद्दाम पालथी करा. परत सरळ करायची, मग मधोमध पोटावर झोपल्यासारखं चढायचं, पाय मागं जोरात मारत, आधी पोट, मग कमरेत वळून बूड सीटवर, मग पाय. हे येईपर्यंत बाकीचं सामान आणूच नका. आणि सगळं लावून झाल्यावर परत एकदा हेच करून बघायचं, कारण कडेला उभा ठोकलेला रॉड होल्डर चढताना नेमका बरगडीत घुसतो.

आता ड्रिल. एचडीपीईचं एक विचित्र आहे, त्याला कसलंच गोंद नीट चिकटत नाही. एपॉक्सी लावा, पुट्टी लावा, आठ दिवसांनी नखानं उचकटून निघते. म्हणजे वस्तू बसवायची तर बोल्ट किंवा रिव्हेटच. मी कयाक टेम्पोत टाकून उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, नेली. पंप, कास्टिंग, गुऱ्हाळाची मशिनरी, काय वाट्टेल ते तिथं बनतं, तिथल्या एका फॅब्रिकेशनवाल्या मामांनी आयुष्यात पहिल्यांदा कयाक बघितली आणि पाच मिनिटात तिची कुंडली मांडली. आधी म्हणाले, "सेल्फ टॅपिंग स्क्रू मारू, दोन मिनिटाचं काम." मी म्हटलं मामा, प्लास्टिक पाच-सहा मिलिमीटरचं, स्क्रूला पकडायला काहीच नाही, मासा ओढला की भोकासकट बाहेर येईल. मग त्यांनी विचार केला आणि आतनं ॲल्युमिनियमची पट्टी, बाहेरनं स्टेनलेसचा बोल्ट, मध्ये रबरी वॉशर आणि पॉलियुरेथेन सीलंट, आणि नायलॉक नट, म्हणजे थरथरून सैल होणार नाही, असं ठरलं. स्टेनलेसचा ३०४ ग्रेड आपल्या गोड्या पाण्याला पुरतो. फोंडा घाट नाहीतर गगनबावडा उतरून कोकणात खाऱ्या पाण्यात नेणार असाल तर ३१६ च घाला, थोडे पैसे जास्त जातील पण गंजायचं नाही.

जिथं आतनं हात पोचत नाही, म्हणजे मागच्या भागात, तिथं वेल नट वापरले. रबराचा नट असतो, भोकात घातला आणि बोल्ट पिळला की आत फुगून बसतो, पाणीही धरतो. पण त्याच्यावर जास्त ओढ येणाऱ्या वस्तू लावायच्या नाहीत. अँकरची पुली नाही, रॉड होल्डर नाही, छोटे हुक आणि दोरीचे डोळे तेवढे. पाण्याच्या रेषेखाली तर एकही भोक नाही, कितीही मोह झाला तरी.

आणि जागा ठरवताना जमिनीवर बसून ठरवू नका. मी होल्डरच्या जागी मास्किंग टेपचे तुकडे लावले, जॅकेट घातलं, तलावात एक चक्कर मारली. जमिनीवर अगदी बरोबर वाटलेली जागा पाण्यात वल्ह्याच्या वाटेत येत होती, दर दुसऱ्या वल्ह्याला बोटं आपटली असती. टेप पुढं सरकवली, परत चक्कर, परत सरकवली, मग मार्करनं खूण आणि मग ड्रिल. शेवटी पुढं एकच होल्डर लावला, गुडघ्याच्या पुढं, हात लांब केला की पोचतो. मागं सीटच्या पाठीशी दोन, बाहेर कललेले, ते फक्त ने-आण करायला. झालं, तीन पुरे. एकाच वेळी दोन रॉड सांभाळता सांभाळता माझी तारांबळ होते, सहा घेऊन काय करू.

मागं सामानाला तिकडचे लोक दुधाचं क्रेट वापरतात. आपल्याकडं 'गोकुळ'चं क्रेट दारोदार दिसतं पण ते डेअरीचं असतं, ते उचलून न्यायचं नाही. मार्केट यार्डात टोमॅटोचं वापरलेलं क्रेट स्वस्तात मिळतं, फक्त कयाकच्या मागच्या खळग्याचं माप घेऊन जा, आमच्या खळग्यात ते आडवं बसलं नाही, उभं बसलं. लक्ष्मीपुरीतनं चाळीस मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, फूटभराचे तुकडे, क्रेटच्या आतल्या कोपऱ्यांना केबल टायनं बांधले की रॉड ठेवायच्या नळ्या तयार. पाइपाच्या तोंडाला धार असते, ती पॉलिश पेपरनं घासून घ्या, नाहीतर रॉडची मूठ सोलून निघते. क्रेटच्या तळाला जुन्या योगा मॅटचा तुकडा टाकला, पक्कड, मासा पकडायचा चिमटा, डब्या, काहीही खडखडत नाही. मासा सगळ्यात आधी आवाजानंच पळतो, एचडीपीईवर पक्कड आपटली तर पाण्यात तो आवाज बराच लांब जातो.

आता अँकर, ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि ज्यावर लोक सगळ्यात कमी बोलतात. पहिली गोष्ट, अँकर कयाकच्या मधल्या कडेला कधीच बांधायचा नाही. वाहत्या पाण्यात कयाक आडवी होते, पाणी कडेवर चढतं आणि कळायच्या आत पालथी. दोरी नाकाला नाहीतर शेपटाला पाहिजे, पण बसल्या जागेवरून नाकापर्यंत हात पोचत नाही, म्हणजे हात पोचायचा आपला नियमच मोडला. त्यासाठी अँकर ट्रॉली करतात. कडेला पुढं एक पुली, मागं एक पुली, त्यावर फिरणारी दोरी आणि दोरीत एक कडी. अँकरची दोरी कडीतनं घालायची आणि ट्रॉलीची दोरी ओढून कडी हवी तिकडं सरकवायची, नाकाला, शेपटाला, बसूनच. पुल्या मामांनी बनवल्या, पट्टीचं घर, आत नायलॉनचं चाक, लेथवर वळवलेलं, आणि पैसे सांगितले ते ऐकून मी परत विचारलं, की एवढेच? ऑनलाइन किटच्या किमतीत मामांनी चौघांच्या कयाकला पुल्या दिल्या असत्या.

अँकर म्हणून काय वापरतोय विचाराल तर आजोळच्या विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ. चार-पाच आकडे, वर कडी, वजन दीड-एक किलो, पिढ्यान् पिढ्या आडाला लटकलेला, घरात नळ आल्यापासून त्याला काम नव्हतं. धरणाच्या बुडीत भागात खाली जुन्या झाडांचे बुंधे, बांध, दगड असतात, तिथं तो असा धरतो की विचारू नका. अडचण एकच, धरला की सोडत नाही. त्याला एक युक्ती आहे. दोरी वरच्या कडीला बांधायचीच नाही, खाली आकड्यांच्या बुडाशी बांधायची आणि वरच्या कडीशी फक्त एका बारक्या केबल टायनं अडकवायची. नेहमी ओढ वरच्या कडीवर येते, काम चालतं. अडकला की वर जाऊन जोरात ओढायचं, केबल टाय तुटतो, ओढ बुडावर येते आणि गळ उलटा होऊन सुटतो. केबल टाय दोन रुपयांचा, गळ आजोबांचा.

दोरी खोलीच्या निदान तिप्पट पाहिजे, पाच मीटर पाण्याला पंधरा मीटर, नाहीतर अँकर खाली लोळत राहतो. गाळात मात्र हा गळ कामाचा नाही, लोण्यातनं ओढल्यासारखा येतो. काठाजवळच्या उथळ गाळासाठी चिव्याची काठी घेतली, आजऱ्याकडची, भरीव, सात-आठ फुटाची, गाळात खुपसायची आणि ट्रॉलीच्या कडीला बांधायची. दोरी वाहत्या पाण्यात गाठीनं नाही, झटक्यात सुटेल अशा क्लीटला, म्हणजे दोरी अडकवायच्या खुंटीला, लावा.

आणि वाहत्या पाण्याचा विषय निघालाच आहे तर बंधारे. आपल्या नदीवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, बरगे, म्हणजे खांबांमधल्या फळ्या, घातले की वर पाणी निवांत दिसतं, कयाकला अगदी छान. पण बरगे काढलेले असताना खांबांमधनं पाणी ओढ घेतं आणि कयाक आडवी होऊन खांबाला चिकटली की पाणीच तिला दाबून धरतं, तुमची ताकद चालत नाही. वरनं पाणी सांडत असलं तर खालच्या बाजूला जे उकळल्यासारखं फिरतं त्यात गेलेला माणूस गोल फिरत राहतो. बंधाऱ्याच्या दोन्ही अंगाला लांबच राहायचं. पावसाळ्यात राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, एका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक, असे सात, की भोगावतीचं पाणी पंचगंगेत यायला लागतं, राजाराम बंधाऱ्यावर पातळी ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे इथल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. तेव्हा कयाक टांगलेली बरी. आणि सांगलीकडं, कृष्णेच्या भिलवडी पट्ट्यात मगरी आहेत, तिकडं पाय पाण्यात सोडून गळ टाकायची हौस नको.

फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचं स्क्रीनवर दाखवणारं यंत्र, घ्यावा का यावर दोन मतं. मासा दाखवतो म्हणून घेऊ नका, खोली आणि तळ दाखवतो म्हणून घ्या. बुडालेला बांध कुठं आहे, जुना ओढा कुठनं जातो, ते कळलं की मासा आपोआप कळतो. त्याचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे आवाजाची लाट सोडणारा भाग, बाहेर लावला तर जलपर्णीत अडकतो, म्हणून मी तो आतनं तळाला लावला, एकाच थराच्या एचडीपीईतनं आवाजाची लाट आरपार जाते. अट एवढीच की मध्ये हवेचा बुडबुडा नको, पेट्रोलियम जेली भरून दाबून बसवला. अशानं पाण्याचं तापमान मात्र खरं दाखवत नाही, ते सोडून द्या. बॅटरी १२ व्होल्ट ७ एएच, आधी यूपीएसमधली शिशाची मिळते ती लावणार होतो, ती दोन किलोच्या वर जाते, लिथियम आयर्न फॉस्फेटची साधारण एक किलो. वीस किलोच्या हिशेबात एक किलो म्हणजे पाण्याची बाटली. महाग गेली, पण घेतली. वायरला इनलाइन फ्यूज घालाच, आणि बॅटरी झाकणाच्या डब्यात, डबा बांधलेला.

रॉड साडेसहा-सात फुटाचा, मूठ आखूड, लांब मूठ जॅकेटमध्ये अडकते. प्रत्येक रॉडला आणि वल्ह्याला लीश, टेलिफोनच्या वायरसारखी गुंडाळी असते ती. वल्हं हातातनं सुटलं तर रॉडचं काय करणार आहात. मरळ धरायला गवताच्या कडेनं रबरी बेडूक, रोहू-कटल्याला कणीक नाहीतर शेंगदाण्याची पेंड, वाम लागली तर ती दोरीला गुंडाळत कयाकभर नाचते, तेव्हा पायाखाली एक जाड पोतं ठेवा. गळाची काटेरी दाढ पकडीनं दाबून टाकतो, मासाही लवकर सुटतो आणि हातात घुसला तर माझाही हात.

आता कॅमेरा. शिकारवाले कयाकला झाडपाल्याच्या रंगाची जाळी घालतात, बंदूक टेकवायला समोर आडवा दांडा, आणि सीट काढून अगदी खाली बसतात. मी जाळी घेतली, कडेला बंजी कॉर्डनं, म्हणजे ताणणाऱ्या रबरी दोरीनं, लावायची, झटक्यात निघेल अशी, कारण पालथं झालं तर जाळीत हातपाय अडकायला नकोत. दांड्याऐवजी बीन बॅग, घरी शिवलेली, आत तांदूळ नव्हे, थर्माकोलचे दाणे, कारण तांदूळ भिजला की वजन आणि वास दोन्ही. पुढच्या झाकणावर बीन बॅग, तिच्यावर लेन्स. बैठक जेवढी खाली तेवढी कयाक स्थिर आणि फोटोत पक्षी डोळ्यासमोर येतो, वरून काढलेल्या बदकाच्या फोटोत नुसती पाठ दिसते. त्यांची खोटी बदकं मात्र घेतली नाहीत, खऱ्याला फसवून बोलवायचं कशाला. कॅमेरा रबरी सीलच्या कडक डब्यात, डबा तरंगणारा आणि तरी बांधलेला, दोन पायांच्या मध्ये, म्हणजे हात पोचतो.

पद्धत अशी की वल्हवायचं बंद, वाऱ्यावर नुसतं तरंगत जायचं, सरळ पक्ष्याच्या अंगावर नाही तर तिरकं. पक्षी माना वर करून एका दिशेला सरकायला लागले की तिथंच थांबायचं, चिव्याची काठी खुपसायची आणि बसायचं. पाणकावळे आणि खंड्या थोड्या वेळात तुम्हाला विसरतात. बदकांना वेळ लागतो. विणीच्या दिवसात बेटांजवळ जात नाही, आई उडाली की अंड्यावर कावळा आलाच. एका पहाटे हळदीकुंकू बदकाची जोडी इतक्या जवळनं गेली की लेन्सला फोकसच घेता येईना. फोटो धूसर आहे, तरी काकांच्या व्हॉट्सॲपला पाठवला, त्यांचं उत्तर आलं, "मासा घावला का?"

ने-आणीचं थोडक्यात. गाडीच्या टपावर पालथी घालून, दोन आडवे पट्टे आणि नाकाला-शेपटाला एकेक दोरी. रॅचेटचा पट्टा करकचून आवळू नका, उन्हात एचडीपीई मऊ होतं आणि रात्रीत खड्डा पडतो. पट्ट्याला एक पीळ द्या, नाहीतर हायवेला तो भुंग्यासारखा वाजत राहतो. घरी पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात ठेवू नका, मी जिन्याखाली दोन पट्ट्यांवर कुशीला टांगलीय, त्यामुळं सायकल आता हॉलमध्ये आली आहे आणि त्यावर घरात चर्चा चालू आहे.

राहिली ती चाकांची ट्रॉली, गाडीपासून पाण्यापर्यंत न्यायची. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकलं की मध्ये भेगाळलेला गाळ आणि दगड, तीस किलोची कयाक खांद्यावर घेऊन जाणं माझ्याच्यानं होत नाही. बारकी प्लास्टिकची चाकं त्या गाळात रुततात, रुंद फुगवायची चाकं पाहिजेत. मामांना स्कूटरची जुनी चाकं दाखवलीत, ते म्हणाले, "आण की, ॲक्सल मी टाकतो," आता फक्त ती चाकं भंगारवाल्यानं सांगितलेल्या भावात घ्यायची की घासाघीस करायची तेवढं बघायचंय.